वर हातभर आभाळ सोडायचं

आमच्या घरात आईचा हसरा फोटो एकही नाही. असं सांगितलं की लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात, कारण माझे बाबा फोटोग्राफर. पुलगावात स्टेशनच्या रस्त्याला त्यांचा स्टुडिओ होता आणि घर शेजारच्या नाचणगावात. आसपासच्या गावांतल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर बाबांनी काढलेली माणसं अजून हसताहेत. दिव्याखाली अंधार ही म्हण ज्याने कोणी केली, तो आमच्याकडे एकदा चहाला येऊन गेला असणार.

फोटो तसे आहेत. पण ते कसे आले हे सांगायचं तर आधी रोलचं सांगावं लागेल, कारण हल्लीच्या पोरांना रोल म्हटलं की खायचा रोल आठवतो. कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल बसायचा. लग्न आटोपायचं, नवरी जायची, मांडव रिकामा व्हायचा, आणि रोलमध्ये एक-दोन फोटो उरायचेच. उरलेल्या फोटोंसाठी पुढच्या लग्नाची वाट बघत बसता येत नव्हतं, कारण रोल सकाळच्या गाडीने वर्ध्याच्या कलर लॅबला धाडायचा असायचा. मग बाबा घरी आले की हातपाय न धुता, गळ्यात कॅमेरा तसाच ठेवून, आईला म्हणायचे, "उभी राय बरं जराशी, रोल सपवाचा आहे."

आमचा सगळा अल्बम असा लोकांच्या लग्नांच्या शेपटांवर निघालेला आहे. माझा पहिलीतला फोटो देवळीच्या कुठल्याशा लग्नाचा, आणि आईचे सगळेच फोटो असे. हाताला कणीक, खांद्याला फडकं, अर्धी वळलेली. तोंडावर एकच भाव, चुलीवर दूध उतू जात असल्याचा, आणि बहुतेक वेळा ते खरंच उतू जात असायचं. शिवाय तिला मनापासून वाटायचं की आपल्यावर फोटो वाया चालला आहे. वाया जाणाऱ्या वस्तूकडे बघून आई कधी हसली नाही.

तो जुना कॅमेरा मला फार आवडायचा. त्याच्या खिडकीला डोळा लावला की भिंगातून जे दिसतंय तेच, आरशावरून येऊन, आपल्याला दिसायचं. जे दिसलं ते निघालं, मध्ये भानगड नाही. बाबा उजवा डोळा खिडकीला लावायचे आणि डावा घट्ट मिटायचे. इतक्या वर्षांत ती सवय त्यांच्या चेहऱ्यातच मुरली होती. भाजी निवडून घेतानासुद्धा त्यांचा डावा डोळा मिटायचा. आई त्यावरून त्यांना चिडवायची. मुलगी बघायला आले तेव्हाही हे एक डोळा मिटूनच बसले होते, म्हणायची. "मले एकाच डोळ्यानं पसंत केलं यायनं. दुसरा उघडला असता तं उठून गेले असते." बाबांना ते ऐकायला आवडायचं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्या कॅमेऱ्याला स्वतःला सेल म्हणजे एक बटणाएवढा, तोही वर्षानुवर्षं चालणारा. पेन्सिल सेल लागायचे ते फ्लॅशला. आमच्या घरात सेल मरत नसत, त्यांची बदली व्हायची. फ्लॅशला पुरेनासे झाले की रेडिओत, रेडिओ घरघरू लागला की भिंतीवरच्या घड्याळात. आणि प्रत्येक बदलीच्या आधी आई त्यांना सुपात घालून उन्हात ठेवायची, कुरड्या-पापड्यांच्या शेजारी. ऊन खाल्लं की सेलांमध्ये जीव येतो, हे तिला तिच्या आईने टॉर्चच्या सेलांवरून शिकवलं होतं. गंमत म्हणजे थोडा वेळ यायचाही. संध्याकाळच्या बातम्यांपुरता रेडिओ खणखणीत बोलायचा आणि आई माझ्याकडे विजयाने बघायची.

मग डिजिटल आलं. दोन हजारनंतरची ती पहिली वर्षं. लोक ऑर्डर देताना आधी विचारायला लागले, डिजिटल आहे का? बाबांनी नागपूरहून एक आणला. चंदेरी, हातात मावणारा, मागे काडेपेटीएवढी स्क्रीन. पोटात चार पेन्सिल सेल. हा कॅमेरा म्हणजे सेलांचा राक्षस होता. पहिल्याच लग्नात प्रत्येक फोटोनंतर मांडवातली माणसं बाबांच्या पाठीशी गोळा व्हायची, दाखवा, दाखवा. नवरदेवाच्या मामाने तर आपला फोटो पुन्हा पुन्हा बघितला. स्क्रीन जळत राहिली आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेताला कॅमेऱ्याने एक बारीक शिट्टी मारून मान टाकली. अक्षता पडल्या त्या बाबांनी जुन्या कॅमेऱ्यावर काढल्या. घरी आले ते अपमान झाल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रीन बंद करून टाकली. बटणाने तर केलीच, वर काळी चिकटपट्टीही डकवली, म्हणजे कोणी दाखवा म्हणायला नको. चार्ज होणारे सेल आणले. पण आमच्याकडे लोडशेडिंग असं की चार्जरमध्ये सेल घालावेत आणि लाइट जावी. दुष्काळात तेरावा महिना तो आईचा. तिने ते नवे सेलही भर मे महिन्यात सुपात घालून अंगणात ठेवले. वर्ध्याचं ऊन म्हणजे काय सांगावं, त्यात पापड तळून निघतील. दोन सेल कायमचे गेले. बाबा रागावले, हे वाळवायचे सेल नाहीत, हे करंट खातात म्हणून समजावून सांगितलं. आईने मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात, थोडं कोवळं ऊन बघून, पुन्हा ठेवले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मी तिच्या तोंडावर म्हणायची. किती सहज म्हणायची. आता ती म्हण मला कुठे ऐकू आली तरी नको होते.

स्क्रीन बंद म्हणजे फोटो काढायचा तो वरच्या कोपऱ्यातल्या खिडकीतून. पण ही जुन्या कॅमेऱ्यासारखी खिडकी नव्हती. बाबा तिला भोक म्हणायचे. ते भोक एकीकडे, भिंग दुसरीकडे, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. तुम्ही भोकातून एक बघता आणि भिंग थोडं खालचं, थोडं बाजूचं दुसरंच काही बघत असतं. दूरच्या ग्रुप फोटोत फरक कळत नाही. जवळ गेलं की माणसाची टाळू उडते. त्यात एका लग्नात कॅमेरा खुर्चीवरून पडला. चालू राहिला, पण भोक आतून तिरपं झालं. तेव्हापासून जवळच्या फोटोत कपाळच काय, डोळेसुद्धा जायला लागले.

बाबांनी त्यावरही तोड काढली. भोकात चेहरा दिसला की कॅमेरा तसाच वर उचलायचा, डोक्यावर रिकामं रिकामं दिसेल इतका. वर हातभर आभाळ सोडायचं, असं ते म्हणायचे. भोकात फोटो वाईट दिसला पाहिजे, मग तो चांगला निघतो. इतकी वर्षं जे दिसतं तेच काढलेल्या माणसाला हे किती टोचत असेल, याची मला तेव्हा कल्पना नव्हती. मला ते हुशारीचं वाटायचं आणि मी वर्ध्याला, सासरी, सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

एका हिवाळ्यात मी माहेरी आले होते. सकाळची वेळ, मी आत पोहे करत होते. आई अंगणात उन्हाला बसली होती आणि तिने मांडीवर सूप घेतलं होतं. सुपात काय होतं ते सांगायला नकोच. बाबा दुसऱ्या दिवशीच्या वडनेरच्या ऑर्डरसाठी कॅमेरा पुसत बाहेर आले आणि त्यांनी तिला रंगेहात पकडलं. मला वाटलं, आता वाजणार. पण ऐकू आलं ते आईचं हसणं. चोरी सापडलेल्या पोरीसारखं, तोंड न झाकता, मोकळं. आणि त्या हसण्यातच कॅमेऱ्याची ती टिक.

मी पोह्यांचा झारा हातात घेऊनच बाहेर आले. म्हटलं, दाखवा. बाबा पट्टी काढायला लागले होते, पण आईच म्हणाली, ठेवा, सेल जळतात, उद्या ऑर्डर आहे. बाबांनी पट्टी परत दाबून बसवली. मी एरवी ऐकून घेणारी नाही, मिठावरून अर्धा तास भांडते. त्या दिवशी पोहे लागतील म्हणून आत गेले.

फोटो बाबांनी चार-पाच दिवसांनी बघितला, वडनेरचं लग्न कॉम्प्युटरवर उतरवताना. सूप होतं, सेल होते, आईचे दोन्ही हात होते, मंगळसूत्र होतं आणि हनुवटी. त्याच्यावर काही नव्हतं. गिऱ्हाइकांसाठी हातभर आभाळ सोडणारा माणूस घरच्या अंगणात ते सोडायला विसरला होता. का विसरला, तर मला वाटतं, तो त्या वेळी फोटो काढत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

दोघं त्यावर खूप हसले म्हणे. मला फोनवर आईनेच सांगितलं, तुझ्या बापाने माझं मुंडकं उडवलं. मग काय, पुन्हा काढू म्हणाले. डिजिटलला काय लागतं? रोल नाही, धुलाई नाही, कधीही काढावा.

तिथेच सगळं फसलं. रोल होता तेव्हा तो संपवायची घाई होती, म्हणून आई उभी राहायची, कणकेच्या हाताने का होईना. आता संपायला काही नव्हतंच. कार्डात जागा उरायची ती उरायचीच, तिला कुठे गाडी गाठायची होती? आणि सेल मात्र कायम उद्याच्या ऑर्डरसाठी राखलेले. बाबा घरी येऊन आईला उभी राय म्हणेनासे झाले. त्यांच्याही लक्षात आलं नाही, आमच्याही नाही. हजारो फोटो काढता येतील अशा त्या वर्षांत आईचा तो एकच निघाला, बिनचेहऱ्याचा.

त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आई गेली. सकाळी चांगली होती, दुपारी डोकं धरून बसली, सेवाग्रामच्या दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध हरपली आणि मग आलीच नाही.

तेरवीला हार घालायला फोटो हवा होता. मी आणि बाबा अल्बम घेऊन बसलो. त्या सगळ्या फोटोंत ती चाळिशीच्या आतली, केस काळेभोर आणि भुवया चढलेल्या. शेवटी त्यातल्या त्यात समोर बघणारा एक निवडला. बाबांनी तो मोठा करून आणला. तेरवीला आलेल्या बायका फोटोकडे बघायच्या आणि एकमेकींना हळूच विचारायच्या, ही कधीची? जिला त्यांनी गेल्या संक्रांतीला हळदीकुंकू लावलं होतं, ती बाई त्या फोटोत नव्हतीच. मला त्या दिवशी रडण्यापेक्षा रागच जास्त आला. कुणावर काढावा ते कळेना. चार सेलांवर माणूस किती रागावणार?

पुढे काही महिन्यांनी स्टुडिओत गेले तर काउंटरच्या मागे, जिथे पूर्वी नवरा-नवरीचा मोठा फोटो असायचा तिथे, तो फोटो लावलेला. सूप, हात, हनुवटी. चांगली फ्रेम करून. मला बघवेना. मी म्हटलं, बाबा, हा काढा. लोक काय म्हणतील, डोकं नसलेलं माणूस भिंतीवर. तुमच्याच धंद्याला बरं दिसत नाही.

बाबा काउंटर पुसत होते. ते पुसत राहिले.

"तुमाले नाई दिसत," ते म्हणाले. "मले तं दिसली होती नं. त्या भोकात पुरी दिसली. हासून राह्यली होती."

मग ते वळले आणि फोटोकडे बघायला लागले. मी त्यांच्या बाजूला उभी राहून त्याच जागी, त्याच उंचीवर बघितलं, फ्रेमच्या वरच्या कडेच्या वर, नुसत्या भिंतीकडे. मला काही दिसलं नाही. बाबांनी डावा डोळा मिटला होता.