मुकादमाचे लाकडी जोडे

साबो, म्हणजे आमचे लाकडी जोडे, अन्सेल्ममामासारखे अख्ख्या खोऱ्यात कुणी कोरत नाही. बीच झाडाचं लाकूड ओलं असतानाच कोरायचं, मग धुरावर सुकवायचं. धूर कमी पडला की पहिल्याच थंडीत जोडा तडकतो.

माझी आई झेली पूर्वी कापडगिरणीत मागावर होती. तिथला मुकादम जेर्बो लोकरीच्या नमद्याचे मऊ जोडे घालून मांजरासारखा पाठीशी येऊन उभा राहायचा. एकदा तिचा जुनाट माग अडकला, ताणा तुटला. सगळ्यांदेखत तो ओरडला, "साबोताज! साबो घालणारी गावंढळ माणसं, दुसरं काय येणार यांना!" तेवढ्या एका शब्दावर तिला काढलं. पुढे कुठल्याच गिरणीनं तिला दारात उभं केलं नाही.

साबोवाला खडखडत, अडखळत चालतो, म्हणून ओबडधोबड कामाला तो शब्द लागला. मग मुद्दाम केलेल्या नासधुशीला. इंग्रजांनी तो आमच्या फ्रेंचमधून जसाच्या तसा उचलला; सॅबोटाज तो हाच. कामगार यंत्रात साबो फेकत, त्यावरून तो आला, असंही कुणी सांगतं. त्यावर मामा भडकतो, "मी खपून केलेला जोड फेकायला लोक काय वेडे आहेत?"

बारा वर्षांनी जेर्बो संधिवाताचे पाय ओढत मामाच्याच दारात आला. "डॉक्टर म्हणतात, पाय कोरडे ठेवा. चांगलासा जोड कर बाबा."

तो गेल्यावर मी म्हणाले, "मामा, धूर देऊच नकोस. तडकू दे मेल्याचे!"

"म्हणजे त्याचा शब्द मी खरा करून दाखवू?" मामा कडाडला.

जोड असा उतरला की पाण्याचा थेंब आत जाईना. फक्त तळाला मामानं लोखंडी खिळे ठोकले, एकेका पायाला चौदा. "बर्फावर घसरणार नाही," तो जेर्बोला म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

आता जेर्बो गल्लीच्या टोकाला असतानाच गावाला कळतं. जन्मभर चोरपावलांनी फिरलेल्या माणसाची खडखड ऐकून कॅफेतलं बोलणं थांबतं, पत्ते गोळा होतात, माणसं उठतात. तो पोचतो तेव्हा खुर्च्या रिकाम्या. जोडे टाकवतही नाहीत, पाय कोरडे राहतात ना! मला त्याची कणभर कीव येत नाही.

परवा आई खिडकीशी मोजे विणत बसली होती. बाहेर खडखड झाली. तिनं मान वर केली नाही.

"दादा, किती टिकतील रे ते?"

"दोन हिवाळे. मग झक मारत माझ्याच दारात येईल."

"तेव्हा," टाके मोजत आई म्हणाली, "खिळे वाढव."