आयुष्य कमी करणारी गोळी

आत्या गेल्याचा फोन मालतीकाकूंनी केला. सुभानपुऱ्यातल्या तिच्या शेजारीण. "सुमन गेली गं... चहा प्यायली, आणि गेली," एवढंच म्हणाल्या. मला रडू फुटलं. पण हा फोन करायला काकू आहेत, हा आत्याचाच विजय, हेही त्याच क्षणी मनात आलं.

आत्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि भोंदूगिरीविरुद्धची पत्रकं दारोदार वाटायची. ती वाचतच मी मोठी झाले. दोन वर्षांपूर्वी काकूंनी तारुण्य परत आणणाऱ्या गोळ्या सुरू केल्या आणि रक्तदाबाच्या बंद केल्या. विकणाऱ्यानेच तसं सांगितलं होतं. एकदा चक्कर येऊन ओट्याशी पडल्या, तरी आत्याचं ऐकेनात. "माझा चेहरा उजळला, ते तुला बघवत नाही!" आत्या गप्प बसली... ती गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय.

मग निजामपुऱ्यात त्या गोळ्यांचा मेळावा भरला, खास या गुजराती शहरातल्या मराठी मंडळींसाठी. आत्या काकूंबरोबर गेली, मलाही नेलं. हातात पत्रक पडलं. गुजराती मजकुरातल्या 'उंमर'चं, म्हणजे वयाचं, कुणीतरी मराठीत 'आयुष्य' करून टाकलं होतं. आत्या उठली आणि तिने वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, "आमची गोळी रोज घ्या, आयुष्य झपाट्याने कमी करा!"

हशाने सभागृह दणाणलं. विक्रेता धावत आला. "बेन, ए तो छापवामां भूल थई!"

"भूल कसली, भाई? एवढं एकच खरं छापलंय तुम्ही!"

मग तिने काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. "हिची रक्तदाबाची गोळी तुम्ही बंद केलीत. कोणत्या डॉक्टरला विचारून?" मागून एक आजोबा उठले, "मला मधुमेहाची बंद करायला लावलीय." मग आणखी कुणी, आणखी कुणी... मेळावा तिथेच मोडला. रिक्षात काकू हळूच म्हणाल्या, "सुमे, रिक्षा डॉक्टरांकडे घ्यायला सांग."

म्हातारपण हा रोग नाही. तो रोग आहे असं आधी पटवायचं आणि मग डबी विकायची, हा धंदा आहे. आत्या पांढऱ्या केसांनी, ताठ मानेने म्हातारी झाली आणि तशीच गेली.

मेळाव्याच्या त्या दिवसापासून रोज सकाळी ती आपल्या खिडकीतून काकूंना विचारायची, "घेतलीस का?" परवा मी काकूंकडे होते. रक्तदाबाची गोळी गिळून त्या खिडकीशी गेल्या आणि समोरच्या बंद खिडकीकडे बघून ओरडल्या, "घेतली गं, घेतली!"