पाठ न टेकता हरलेला

इंदूर हे कुस्तीचं गाव. माणूस हरला म्हणजे त्याची पाठ मातीला लागली, एवढंच इथल्या लोकांना कळतं. पाठ लागलीच नाही तर हरला कसा, असं इथलं शेंबडं पोरही विचारेल. अशा गावात माझ्या वडिलांना मुलाला बॉक्सिंग शिकवायची बुद्धी कुठून झाली, याचा मला आजही राग येतो.

बाबा महूच्या छावणीतून हवालदार होऊन निवृत्त झाले, आणि आम्ही इंदुरात मिलच्या मागच्या वस्तीत राहायला आलो. आई आधीच गेली होती. घरात बाबा, दादा, वहिनी आणि मी. बाबांनी फौजेतून दोनच गोष्टी आणल्या होत्या, एक ग्लोव्ह्जची जोडी आणि दुसरी खरं बोलण्याची खोड. पुढं बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तर ती खोड फारच वाढली. रोज सकाळी ते मोठ्यानं पंचशील म्हणत, आणि खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की आवाज आणखी चढे. मी म्हणायची, ‘बाबा, बाकीच्या चारांनी काय घोडं मारलंय?’ ते हसत नसत. वस्तीत कुणाचं भांडण लागलं की लोक म्हणत, “हवालदारसाब से पूछ लो,” आणि बाबा सांगतील ते दोन्हीकडचे मान्य करत.

दादा मिलमध्ये मागावर होता. त्याला नोकरी लागली तीच त्याच्या बुक्क्यांमुळं. शेठजींना आपल्या मिलचा बॉक्सर हवा होता. आधी आधी लोक नुसते गंमत बघायला यायचे. मग दादा जिंकायला लागला, तशी गर्दी वाढली. कोपऱ्यावरचा पोहेवाला तर त्याचा भक्तच झाला. दादाच्या पोह्यांवर मूठभर शेव जास्त पडायची, आणि दादा जिंकला की हाच गडी त्याला खांद्यावर घेऊन गल्लीतून नाचायचा. उगवत्या सूर्याला सगळेच नमस्कार करतात, पण याचा नमस्कार मला खरा वाटायचा.

त्याच सुमारास नवं मध्य प्रदेश राज्य झालं. राजधानी भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला गेलं, आणि इंदूर रुसून बसलं. पानाच्या ठेल्यावर दुसरा विषय नव्हता. आपण एवढे होळकरांच्या गावचे, आणि आपल्या हाती काय आलं, धुपाटणं! अशात राज्याच्या किताबाची लढत इंदुरात ठरली आणि दादाच्या समोर आला तो नेमका जबलपूरचा गडी. पोहेवाला कढईत झारा आपटून म्हणाला, “हायकोर्ट ले गए भिया, ये तो नी ले जाने देंगे.” दादा नुसता हसला. तो एकटा बिचारा किती गोष्टींसाठी लढणार होता, हे त्याला कुणी विचारलं नाही.

लढतीच्या संध्याकाळी मैदान माणसांनी काळं झालं होतं. मी आणि वहिनी कडेला, अधिकाऱ्यांच्या बायकांसाठी मांडलेल्या खुर्च्यांच्या मागं उभ्या होतो. वहिनीला दिवस गेले होते. दादाच्या कोपऱ्यात टॉवेल घेऊन बाबा होते. लढत तीन राउंडांची. पहिला दादाचा. दुसराही दादाचाच, पण त्याच्या शेवटी जबलपूरवाल्याचा एक ठोसा दादाच्या डाव्या कानशिलावर बसला. दादा पडला नाही. घंटा झाली, तो आपल्या स्टुलावर जाऊन बसला, आणि बाबांनी खाली वाकून त्याचं तोंड पुसलं. दोघं काहीतरी बोलले. बाबांचा हात वर झाला, ऊठ म्हणत असल्यासारखा. तिसऱ्या राउंडची घंटा झाली. दादा उठला नाही. पंच जवळ गेला तेव्हा त्यानं मान हलवली आणि ग्लोव्ह्ज मांडीवर ठेवले.

आधी कुणाला काही कळलंच नाही. लोक एकमेकांना विचारत होते की झालं काय, पाठ तर लागली नाही! मग जबलपूरवाल्याचा हात वर झाला आणि मैदान फुटलं. “बैठ गया! साला बैठ गया!” चपला आल्या, खुर्च्या आल्या. पोहेवाला आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होता, तो लहान मुलासारखा रडत होता आणि रडता रडता शिव्या देत होता. जिंकताना दादा ‘अपना पट्ठा’ होता. हरल्याबरोबर तो कोणत्या वस्तीतला, कोणाचा, हे लोकांना आठवलं. ते शब्द मी इथं लिहिणार नाही. वहिनीनं ते ऐकले, एवढं मात्र मला विसरता येत नाही.

दादानं स्टुलावर बाबांना सांगितलं होतं ते एवढंच, “बाबा, डावीकडचं दिसत नाहीये.” डोळ्यावर कडेनं पडदा उतरत आला होता. बाबांना वाटलं, घाम असेल, पोर कच खातंय. ते म्हणाले, “ऊठ, एकच राउंड आहे.” त्या आठवड्यात ते दादाला महूला त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटलाय, या डोळ्याची आशा सोडा आणि दुसरा जपा.

घरी येऊन टेकले न टेकले तोच बाबा उठले आणि टोपी घालायला लागले. आत्ता जातो, म्हणाले, चौकात उभा राहून सांगतो माझा मुलगा का बसला ते. दादा दारात आडवा आला. एका डोळ्याच्या माणसाला मागावर कोण ठेवणार? धागा तुटला की दिसायला हवा, नाहीतर ठाणच्या ठाण वाया जातं. शेठजींना बॉक्सर नको झाला होताच, आता त्यांना कारणही मिळालं असतं.

“नोकरी गेली तर दुसरी मिळेल,” बाबा म्हणाले. “नाव गेलं तर?”

वहिनी चुलीपाशी बसली होती. ती सासऱ्यांसमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. “बाबा, येणारं लेकरू नाव खाणार आहे का?”

बाबांनी टोपी काढून खुंटीला अडकवली.

मग सुरू झाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दादा कामावर जाई आणि वाटेत लोक स्टुलं पुढं करत, “आओ भिया, बैठो.” पोह्यांवरची शेव बंद झाली. दादा उजव्या डोळ्यानं सगळं बघायला मान डावीकडं वळवून चाले, तर लोक म्हणत, शरमेनं मान वाकडी झाली. मला वाटायचं, एकेकाच्या तोंडात शेण घालावं. पण वहिनीकडं बघून मी गप्प बसायची.

एका रविवारी सकाळी दारात पाचपंचवीस माणसं आली. पुढं पोहेवाला, त्याच्या हातात ताट, ताटात लाल कापडावर हिरव्या बांगड्या. अशा बांगड्या कुणाला आणून देतात ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. दादा आतल्या खोलीत होता. बाबा उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले. गर्दीत दादाच्या खात्याचा जॉबर, म्हणजे माणसं कामावर लावणारा मुकादमही होता. दादाच्या मागावर त्याला आपला मेहुणा चिकटवायचा होता, हे मिलमध्ये कुणापासून लपलेलं नव्हतं. बांगड्यांचं त्याला काही पडलं नव्हतं.

“एक बात बताओ हवालदारसाब,” तो म्हणाला, “दो राउंड जीत के कोई बैठता है क्या? कहीं आंख-वांख में तो कुछ नी हो गया? मिल को भी तो मालूम पड़ना चाहिए.”

पोहेवाला ताट धरून बाबांच्या तोंडाकडं बघत होता, आणि त्याच्या नजरेत तिरस्कार नव्हता. त्याला बाबांनी काहीतरी कारण सांगायला हवं होतं. त्यांनी ‘हो’ म्हणावं, म्हणजे हे ताट इथंच पालथं घालून दादाला पुन्हा खांद्यावर घेता येईल, असं ते बघणं होतं. मी दाराआड होते. माझ्या मागं दादा येऊन उभा राहिल्याचं मला कळलं.

बाबांनी एकदा खाली पाहिलं, मग जॉबरकडं.

“आंख एकदम ठीक है,” ते म्हणाले. “मेरा लड़का डर गया.”

आणि त्यांनी दोन्ही हात पुढं करून ताट घेतलं.

लोक हसले नाहीत. उलट एकेक करून निघून गेले, हवालदारसाहेबांच्या खरेपणाला मान देत गेले म्हणा ना. ताट आत आलं. वहिनीनं आपल्या जुन्या बांगड्या उतरवल्या, त्या हिरव्या दोन्ही हातांत भरल्या आणि घागर घेऊन नळावर गेली. दादा भिंतीला टेकून बसला तो दुपारपर्यंत तसाच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पंचशील म्हणायला बसले. तिसरं शील झालं, ते थांबले, आणि पाचव्यावर गेले. मरेपर्यंत त्यांनी चौथं पुन्हा म्हटलं नाही. त्यावरून चिडवायची माझीही हिंमत झाली नाही.

दादाची नोकरी टिकली. मुलगा झाला, शिकला. दादानं एका डोळ्यानं माग चालवला आणि ‘बैठ गया’ हे नाव पाठीवर वागवलं. बाबा गेले. कितीतरी वर्षांनी मिलचा भोंगा कायमचा बंद झाला, आणि त्याच वर्षी दादाही गेला. तिसऱ्या दिवशी पोहेवाला समाचाराला आला, काठी टेकत. चहा घेतला, दादाच्या फोटोकडं बघत बसला. म्हणाला, लड़का अच्छा था, बस एक दिन हिम्मत हार गया. मला राहवलं नाही. आता मिल नव्हती, नोकरी जाणार नव्हती. मी सगळं सांगितलं, डोळा, महूचे डॉक्टर, सगळं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग दुःखात माणूस काहीही बोलतो, त्याला समजवावं तसं म्हणाला, “बेन, तुम्हारे बाबा ने खुद कहा था, मेरे सामने. हवालदारसाब ने कभी झूठ बोला है क्या?”

मी तोंडाची फटकळ, आयुष्यात कुणाला उत्तर द्यायला कमी केलं नाही. पण ‘हो, बोलले’ म्हणावं तर बाबा खोटे ठरत होते, आणि ‘नाही’ म्हणावं तर दादा भित्रा. मी त्याचा रिकामा कप उचलला आणि आत गेले.