बिननावाच्या ग्रहाचं बारसं

फुईला बिननावाचं काही सहनच होत नसे. फुई म्हणजे माझी आत्या. नंदुरबारची एसटी तिच्यासाठी 'खोकली', विहिरीचा कुरकुरणारा रहाट 'सासूबाई', आणि मला तर रोज नवं नाव. फक्त बाळाचं नाव तिला ठेवू देत नसत. तो मान आत्याचा, पण आत्या विधवा असली की मान रद्द! माझ्या बारशाला माझ्या सख्ख्या आत्याला मागच्या दारी बसवलं. लोक याला रीत म्हणतात. मी अन्याय म्हणतो. त्यावर मी पत्रक छापलं, तर फुईने त्यात मिरची बांधली. "कागद वाचीसन कोनी पाळणाजवळ बसू देस का रे, भाऊ?"

मग वहिनीला मुलगी झाली. मला बहीण नाही, म्हणजे नाव ठेवायला घरात फुईच. पण आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, म्हसावदहून लांबची एक चुलतबहीण बोलावली.

बारशाच्या आदल्या दिवशी मी रागाने ओट्यावर मासिक उघडून बसलो होतो. "मोठ्यांदा वाच," फुई म्हणाली. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात एक चिमुकला ग्रह सापडला होता. फोटोच्या काचेवर नुसती बारीक रेघ. कक्षा पक्की झाली की क्रमांक मिळणार, मग शोधणारा नाव ठेवणार.

"म्हंजे चालस कसा ते पहिले देखतीन, मंग नाव?" फुई हसत सुटली. "आपलाकडे पहिले नाव, मंग पोर चालाले शिकस! अन् त्याले फुई नही का?"

"दगड शे तो, फुई."

"मंग ते सोपं शे!"

तिने वरवंट्याला टोपडं घातलं आणि उद्यासाठी सजवलेल्या पाळण्यात निजवलं. दगडाच्या बारशाला कुणाची रीत आडवी येणार? गल्लीतल्या बाया पदर तोंडाशी धरून जमल्या. "त्याना कान कोनता वं?" एकीने विचारलं. "मंगळकडला," म्हणत फुई वाकली आणि ग्रहाचं नाव 'गोटीराम' ठेवलं. आत्याच्या पाठीत पडतात ते मानाचे बुक्के तिला जन्मात पहिल्यांदा मिळाले.

तेवढ्यात वहिनी बाळ घेऊन बाहेर आली. गोटीराम उचलून तिने माझ्या हातात दिला आणि मुलीला पाळण्यात ठेवलं. "फुई, आते खरं नाव ठेवा."

हसणं थांबलं. दारात आबा उभे होते. "बारसं उद्या शे."

वहिनीने डोक्यावरचा पदर सावरला. "आज शे," ती म्हणाली आणि पाळण्यापासून हलली नाही.

फुईला नाव शोधावं लागलं नाही. "यमुना." किती वर्षं ते तिच्याजवळ तयार होतं, कोण जाणे. पहिला बुक्का माझ्या आईने मारला. आबांनी घुगऱ्या मात्र दोनदा मागून घेतल्या.

त्या ग्रहाचं परदेशात काय नाव ठेवलं, मला ठाऊक नाही. विधवेने ठेवलेलं नाव लाभत नाही म्हणणाऱ्यांनी येऊन यमुनेचा आवाज ऐकावा. तापीच्या पलीकडे जातो. फुई आता नाही. पण गल्लीत पाळणा टांगला, की बाया आधी विचार करतात, फुईने काय ठेवलं असतं.