सिग्नल हिरवा होता

मी तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवायचे आणि बिबवेवाडीहून स्कूटरवर यायचे. त्या दिवशी उशीर झाला होता. सारसबागेजवळच्या चौकात सिग्नल लाल झालेला मला स्पष्ट दिसला, तरी मी स्कूटर पुढे दामटली. डावीकडून येणाऱ्या मोटारीची धडक बसली आणि डावा पाय नडगीत मोडला.

मोटार चालवणारे गृहस्थ सत्तरीच्या आसपासचे होते. ते पळून गेले नाहीत. त्यांनीच मला मागच्या सीटवर आडवं केलं, दवाखान्यात नेलं आणि माझा भाऊ येईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले. स्ट्रेचरवरून नेताना मी रडत त्यांना म्हणाले, "काका, चूक माझी आहे. मीच सिग्नल तोडला."

"ते राहू द्या आता. आधी पाय बघू."

पोलिसांच्या कागदांत मात्र दोष मोटारवाल्याचा धरला गेला. मी ते वाचलं आणि तसंच राहू दिलं. भावाने ओळखीच्या वकिलांकडून नुकसानभरपाईचा दावा लावला. वकील म्हणाले, "पैसे विमा कंपनी देणार, त्या गृहस्थांच्या खिशातून काही जात नाही. तुम्ही सिग्नल हिरवा होता एवढं ठामपणे सांगा, मॅडम. आणि येताना काठी आणा."

माझी साक्ष व्हायला दीड वर्ष गेलं. काठी केव्हाच माळ्यावर गेली होती. मी ती खाली काढून पुसली.

कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "सिग्नल लाल असताना तुम्ही चौकात शिरलात, हे खरं ना?"

"नाही. हिरवा होता."

काका दुसऱ्या रांगेत बसले होते. आता ते सगळं सांगणार, असं मला वाटलं. त्यांची पाळी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "माझ्या बाजूचा सिग्नल हिरवा होता." दवाखान्यातलं माझं बोलणं त्यांनी काढलंच नाही.

बाहेर जिन्यापाशी त्यांनी मला गाठलं. "पाय दुखतो का हो अजून?"

"हो ना, जिना चढताना फार."

पाय अजिबात दुखत नव्हता. तिथे न्यायाधीश नव्हते, वकील नव्हते. हे खोटं मला कोणी सांगायला लावलं नव्हतं. त्यांनी मला कठड्याच्या बाजूने उतरू दिलं आणि स्वतः एक पायरी पुढे राहिले.

निकाल माझ्या बाजूने लागला. भावाने पेढे आणले, मीही एक खाल्ला.

पुढे काही महिन्यांनी मी काकांच्या घरी गेले. पत्ता दाव्याच्या कागदांत होता. दार त्यांनीच उघडलं. मोटार विकल्याचं बोलता बोलता कळलं. हात थरथरतात म्हणाले, अपघात झाल्यापासून.

"काका, मी कोर्टात खोटं बोलले."

"माहीत आहे मला. तुम्हीच सांगितलं होतंत."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "वाटलं होतं, तुम्ही बोलाल."

त्यांच्या पत्नीने चहा आणून ठेवला. काकांनी वर्तमानपत्र उचललं आणि वाचू लागले. मी बराच वेळ तशीच बसून होते. आता निघा, असंही ते म्हणाले नाहीत.