हवालदारांचा आवाज आणि माझा

गल्लीत उंदीर मरून पडू लागले, की बेळगावातली घरं बंद करून कंग्राळीच्या शिवारात झोपड्या घालायच्या, हे प्लेगच्या त्या वर्षांत ठरूनच गेलं होतं. वस्तीचा कारभार दोन वर्षं आमच्या शेजारच्या पेन्शनर हवालदारांनी पाहिला. तिसऱ्या वर्षी त्यांचे गुडघे आखडले आणि कारभार माझ्या गळ्यात पडला. मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, तेवढीच माझी लायकी.

हवालदार विहिरीवर येऊन नुसते खाकरले, तरी घागरींची रांग सरळ व्हायची. कारभारी असाच असतो, असं मी धरून चाललो होतो. पहिल्याच सकाळी रांगेत भांडण लागलं, तेव्हा मीही ओरडलो. आवाज मध्येच चिरकला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, घसा बसलाय व्हय? आल्याचा रस घ्या."

पुन्हा ओरडलो नाही. रोज संध्याकाळी प्रत्येक झोपडीपुढे घटकाभर बसायचो आणि लोक सांगतील ते ऐकायचो. मला तेवढंच जमत होतं.

आठव्या दिवशी भर दुपारी एक बाई माझ्याकडे आली. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "सून तापलीया. काखेत गाठ आलीया."

मी डॉक्टरांना आणलं, सुनेला लांबच्या झोपडीत हलवलं, घरच्यांना टोचून घ्यायला लावलं. सून वाचली. नंतर ती बाई म्हणाली, "गेल्या साली दिराला असंच झालतं. हवालदार समद्यांदेखत वरडतील म्हणून चार दिस लपीवलं. त्यो गेला. तुमी वरडत न्हाईसा, म्हणून सांगाय आले."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडा गर्वही झाला.

त्याच आठवड्यात वस्तीतला शिंपी आला. त्याचं शिलाईचं मशीन गल्लीतल्या बंद घरात होतं. "अण्णा, मशीन तेवढं घिऊन येतो. दारातच हाय. हातावर हात ठिवून किती दिस बसू?"

जाऊ द्यायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्याचा चेहरा बघून तोंडातून 'नाही' निघेना. मी म्हणालो, "बघू या दोन दिवसांनी." माझ्या मनानं तो नकार होता. त्यानं दोन दिवस मोजले आणि गेला. मशीन घेऊन आला. पाचव्या दिवशी त्याला ताप भरला आणि आठव्या दिवशी तो गेला.

मी त्याच्या बायकोपुढे जाऊन बसलो. माझं चुकलं, म्हणालो. ती रडत नव्हती. म्हणाली, "तुमी नगो म्हणाला असता, तर त्यांनी ऐकलं असतं. लई मान द्यायचे तुमाला."

तिथून उठलो तो थेट हवालदारांच्या झोपडीत गेलो. ते बाजेवर पडून होते. घडलेलं सगळं सांगून म्हणालो, "हे काम माझ्या स्वभावाचं नाही. दुसरा कोणी बघा."

ते म्हणाले, "मागल्या साली चौघं दुखणं लपवून मेली. मला कुणी सांगितलंच न्हाय. तवा मी कुणाला म्हणालो का, दुसरा बघा म्हणून?" मग कोपरावर उठत म्हणाले, "माझी बाज उचला. गावाकडच्या वाटंवर टाका."

चौघांनी बाज उचलून वाटेच्या तोंडाशी नेली. त्या दिवसापासून वस्ती उठेपर्यंत गावात कोणी गेलं नाही. तापाचं मात्र लोक माझ्याच कानावर घालत राहिले.

पुढे मी हेडमास्तर झालो. सुटी मागायला आलेल्या शिक्षकाला 'नाही' म्हणायचं असलं, की त्याला आत बोलावण्याआधी तो शब्द दोन-तीनदा पुटपुटायचो. नोकरी संपेपर्यंत ती सवय सुटली नाही.