स्त्रियांकरिता बसण्याची वेगळी सोय

आमच्या कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉलचा घरचा सामना बघायला कोण यायचं, ते आधी सांगून टाकते. शिपाई यायचा, कारण बॉल त्याच्या खोलीत ठेवलेला असायचा. ग्राउंडमागच्या गवतातल्या बकऱ्या यायच्या. आणि मोटारसायकली तिरप्या लावून त्यांच्यावर बसलेले चार-पाच पोट्टे यायचे. त्यांना खेळाशी काही घेणंदेणं नव्हतं, ते आमच्या हाफ पँटवर कॉमेंट मारायला यायचे. झालं, संपलं पब्लिक.

मुलांच्या सामन्याला मात्र वर्गावर्गात सूचना फिरायची, तास बंद व्हायचे, डफडंसुद्धा यायचं. आमच्या सामन्याची सूचना आदल्या दिवशी कॉलेज सुटता सुटता फळ्यावर लिहायचे, आणि सकाळी पहिल्याच तासाला कोणीतरी ती पुसून त्यावर गणित मांडायचं. तरी दरवर्षी प्राचार्य विचारायचे, "मुलींच्या सामन्याला प्रेक्षक का येत नाहीत?" का म्हणजे? बाप्पा, कोणाला माहीत असेल तर येतील ना!

त्या वर्षी मी शेवटच्या वर्षाला होते आणि संघाची कॅप्टन होते. दिवाळी झाली आणि प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "रिकाम्या पायऱ्यांपुढे खेळायचं त्याला घरचा सामना कशाला म्हणायचा? यंदा शेवटची संधी. पूर्वेकडच्या पायऱ्या भरून दाखवा. नाही भरल्या, तर पुढच्या वर्षीपासून मुलींचे सगळे सामने गोंदियाला. या ग्राउंडवर मला पार्किंग करायचं आहे."

ऐकायला साधं वाटतं, गोंदियाला खेळा. पण आमच्यातल्या निम्म्या पोरी चिचगडकडच्या जंगलातल्या गावांतून यायच्या. त्यांची परतीची बस एकच होती. गोंदियाला जाऊन खेळायचं म्हणजे परतायला अंधार, आणि अंधार म्हटलं की घरून एकच उत्तर, "नोको जाऊ." घरचा सामना बंद म्हणजे त्या पोरींचा खेळच बंद. हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, पायऱ्या भरा."

माझं डोकं असं फिरलं की काही विचारू नका. ठीक आहे म्हटलं, भरतो.

आम्ही आधी शहाण्यासारखं केलं. मोबाईलवर रील बनवली, सगळ्यांनी स्टेटस ठेवले, एका पोरीच्या भावाने संगणकावर पोस्टर करून दिलं. लाईक भरपूर आले. मैत्रिणी म्हणाल्या, होऊन राहिलं काम. मी म्हटलं, काही होऊन नाही राहिलं, लाईक घरी बसूनही मारता येतो. मग मला माझा मामा आठवला.

मामा भोंगेवाला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत नाटकं होतात. ऑटोवर भोंगा बांधून त्या नाटकांची जाहिरात करत फिरायचं, हे मामाचं मोसमातलं काम. त्याचा आवाज आला की बाया हातातलं काम टाकून दारात येतात. मी त्याला गाठलं आणि सामन्याचं सांगितलं. त्याने जन्मात कधी बास्केटबॉल पाहिला नव्हता. पण धंद्याचे सवाल त्याला बरोबर माहीत होते.

"कोनाचं कोनाशी हाय?"

"आमच्या कॉलेजच्या पोरींचं, गोंदियाच्या पोरींशी."

"भाग किती?"

"चार. दोन झाले की मध्ये विश्रांती."

"मंग चार अंकी म्हन ना सरळ! टाइम?"

"दुपारी चार."

"बाया येतीन का?"

मी म्हटलं, "याव्यात अशी लई इच्छा आहे मामा. पण पोट्टे चिडवतात, म्हणून कोणी येत नाही."

"ते माह्यावर सोड," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात होते आणि भोंगा ऐकू आला. नाटकाचीच ती चाल, तोच थरथरता आवाज. "येऊन राहिलं हो, येऊन राहिलं! या मंडईच्या मोसमात, आपल्याच कॉलेजच्या पटांगनावर, आपल्याच घरच्या लेकींचं, चार अंकी, जबरदस्त, थरारक! गोंदियाच्या पोरी आनी आपल्या पोरी समोरासमोर! कोन जिंकतं, कोन रडतं, डोळ्यानं पाहा! ठीक चार वाजता! स्त्रियांकरिता बसन्याची वेगळी सोय!"

मी भाजीची पिशवी घेऊन ऑटोमागे पळत सुटले. "मामा, थांबा! लोकांना नाटक वाटून राहिलं ना!"

मामाने भोंगा बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. "मी नाटक म्हनलो का? एकदा तरी म्हनलो का?"

नव्हता म्हणाला. खरंच नव्हता म्हणाला. तितक्यात एक बाई दुकानाच्या पायरीवरून म्हणाली, "चार वाजता का वो? बरं झालं, चारपासून जागा धरून ठेवतो." आमच्याकडे नाटक रात्री असतं, पण जागा दुपारीच धरतात. पोतं नाहीतर चटई अंथरून यायचं, आणि ते पोतं कोणी उचलत नाही. त्या बाईला मी तिथल्या तिथे सांगू शकले असते, की काकू, नाटक नाही, आमचा बॉलचा खेळ आहे. मी नाही सांगितलं. कबूल. सरांनी पायऱ्या भरायला सांगितल्या होत्या, आणि मी तोंड मिटून घरी गेले.

आता मायबद्दल सांगावं लागेल. माझी माय चिचगडजवळच्या आमच्या गावी राहते, धान करते, उन्हाळ्यात मोहफुलं वेचते. मी खोली करून शिकत होते. तिने माझा एकही सामना पाहिला नव्हता. पहिल्या वर्षी मी तिला संघाचा फोटो दाखवला होता. तिने हाफ पँट पाहिली आणि मोबाईल मला परत दिला. म्हणाली, "तुले खेळाचं हाय तं खेळ. मले दाखवू नोको." तिने मला खेळण्यापासून कधी अडवलं नाही, पण ते वाक्य तीन वर्षं मला सलत राहिलं. या सामन्याचंही मी तिला सांगितलं नाही. कशाला सांगू? नाही म्हणेल, आणि मला पुन्हा वाईट वाटेल.

सामन्याच्या दिवशी साडेतीनला आम्ही ग्राउंडवर आलो, आणि माझ्या हातातून बॉल सुटला.

पूर्वेकडच्या पायऱ्यांवर पोती होती. पोती, चटया, एक जुनी सतरंजी, आणि त्यांच्यावर बाया. तान्ही लेकरं घेतलेल्या, पदरात फुटाणे बांधलेल्या, डब्बे आणलेल्या, रात्री थंडी वाजेल म्हणून शाली आणलेल्या बाया. कोणी पिकअपमधून आल्या होत्या, कोणी पायी. मोटारसायकलवाले पोट्टे आपल्या नेहमीच्या जागी आले तर तिथे बायाच बाया. एकीने त्यांना विचारलं, "का गा, ऐकू नाही आलं का? हे बायाची सोय होय. सरका." सरकले की नाही? सरकले. पार गेटपर्यंत. तीन वर्षांत शिपायाला, सरांना, कोणालाच जे जमलं नव्हतं, ते मामाच्या त्या एका ओळीने झालं.

आणि तिसऱ्या पायरीवर, खताच्या पांढऱ्या पोत्यावर, आमच्या गावच्या बायांमध्ये माझी माय बसली होती.

मी धावत तिच्याजवळ गेले. अंगात हाफ पँट होती, ते माझ्या लक्षातही नव्हतं. "माय, तू कशी काय आली?"

तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "नाटकाले आली."

भोंगेवाला तिचा सख्खा भाऊ! तिला माहीत नसेल? पण ती नाटकाला आली होती, तर आली होती. मी वळून मैदानात पळाले. तिथे थांबले असते तर रडले असते.

शिट्टी झाली. सुरुवातीला बाया चूप होत्या, पडदा कधी उघडतो बघत होत्या. मग आमची पहिली बास्केट पडली, शिपायाने टाळी वाजवली, आणि त्यांनाही कळलं की टाळी वाजवायची असते. मग काय! बॉल रिंगमध्ये गेला की टाळ्या, मग आमचा असो की गोंदियाचा. मी एकदा जोरात पडले तर एक बाई लोटा घेऊन थेट मैदानात आली, "अवो पडली ना पोरगी, पानी द्या तिले!" पंच शिट्ट्या वाजवून वाजवून थकले, पण मला पाणी पाजल्याशिवाय ती हलली नाही. गोंदियाची कॅप्टन हसत मला म्हणाली, "दीदी, आपके यहाँ तो पब्लिक आती है यार. हमारे यहाँ कोई नहीं आता." ते ऐकून माझी छाती अशी फुगली!

विश्रांती झाली आणि प्राचार्यांनी माईक हातात घेतला. पायऱ्या भरल्या म्हणून शाबासकी देतील, असं मला वाटलं होतं. मूर्ख मी. ते म्हणाले, "माता-भगिनींनो, आपली दिशाभूल झालेली आहे. इथे नाटक वगैरे काही नाही. हा फक्त मुलींचा बॉलचा खेळ आहे. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल कॉलेज दिलगीर आहे. ज्यांना जायचं असेल त्यांनी जावं."

फक्त मुलींचा बॉलचा खेळ. माझे कान तापले.

पायऱ्यांमागे बापेमाणसंही उभी होती, ती कुरकुरली आणि बरीचशी गेली. खोटं कशाला सांगू, चार-सहा बायाही उठल्या, त्यांचीही कामं होती. बाकीच्या तशाच बसून होत्या. मग पुढच्या पायरीवरची एक म्हातारी फुटाणे चावत म्हणाली, "दोन अंक झाले, दोन राहिले. आता अर्ध्यातून कायले उठतं? लाव गा पुढचा अंक."

प्राचार्यांना 'अरे'सारखं 'गा' म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. पायऱ्यांवर हशा पिकला. सरांनी माईक शिपायाच्या हातात दिला आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

आम्ही हरलो. चांगलंच हरलो. त्यांच्या पोरी उंच होत्या, त्यांना रोज शिकवायला माणूस होता, आणि आमच्या एका रिंगला जाळीसुद्धा नव्हती. पण शेवटच्या शिट्टीपर्यंत आम्ही पळत होतो, आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत पायऱ्या भरलेल्या होत्या. हरल्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

बाया उठायला लागल्या, पोती झटकायला लागल्या. मी मायजवळ जाऊन उभी राहिले होते. तिथेच प्राचार्य आले. "ही गर्दी मी धरणार नाही," ते म्हणाले. "नाटक सांगून आणलेले लोक म्हणजे प्रेक्षक नव्हेत. पुढच्या वर्षीचं मी बोललो तेच."

माझा घाम वाळला नव्हता आणि राग मावत नव्हता. "सर, नाटक कोणी म्हटलं नाही. भोंग्यावर जे म्हटलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता. आणि तुम्ही पायऱ्या भरायला सांगितल्या होत्या. भरल्या. तुम्ही स्वतः माईकवरून जा म्हणालात, तरी या बाया गेल्या नाहीत. याहून जास्त प्रेक्षक कसे असतात, ते मला दाखवा."

सर म्हणाले, "तू तर यंदा पास होऊन जाशील. तुला पुढच्या वर्षाची कशाला काळजी?"

माय शेजारी वाकून तिचं पोतं गुंडाळत होती. तिचे हात थांबले. तिने सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या उघड्या, खरचटलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. आणि तिने ते गुंडाळलेलं पोतं पुन्हा उलगडलं, तिसऱ्या पायरीवर, होतं त्याच जागी अंथरलं आणि चारी बाजूंनी हाताने सरळ केलं.

"माय, ते घे ना. बस सुटून राहिली."

"राहू दे तिथंच."

"कायले?"

"पुढच्या साली मले हेच जागा पायजे."

मी म्हटलं, "माय, पुढच्या साली मी नाही राहणार खेळायला."

"तू नाही तं दुसऱ्याच्या पोरी खेळतीन," माय म्हणाली. मग सरांकडे वळून, आवाज न चढवता म्हणाली, "जागा धरली हाय मी. उचलू नोका."

पुढच्या पायरीवरच्या म्हातारीने आपली चटई काखेत घेतली होती. तिने ती पुन्हा खाली टाकली. तिच्या बाजूच्या बाईने पोतं टाकलं. मग तिच्या मागच्या बाईने. प्राचार्य पायऱ्यांच्या मधोमध उभे होते, आणि त्यांना पाय ठेवायला जागा शोधावी लागत होती.